खुर्ची सोडण्याची वेळ

१९०८ साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सेवानिवृत्तीची परवानगी मागणारा एक अर्ज आला. अर्जदार अधीक्षक अभियंत्याच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले होते. वय अवघे ४७, प्रकृती उत्तम, सेवापुस्तिका निष्कलंक. खात्यात एतद्देशीय माणसाला त्या काळी क्वचितच मिळणारा मान त्यांना मिळत होता. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी आवश्यक असलेली २५ वर्षेही अद्याप भरलेली नव्हती. अशा माणसाने नोकरी सोडण्याचे काही कारण वरवर पाहता दिसत नव्हते. अर्जदाराचे नाव होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

आज हे नाव उच्चारले, की कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद, भारतरत्न आणि १५ सप्टेंबरचा अभियंता दिन आठवतो. या साऱ्या कीर्तीचा मोठा भाग त्या अर्जानंतरचा आहे. तो अर्ज केला नसता, तर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यातील एक कर्तबगार अभियंता म्हणून निवृत्त झाले असते आणि पाटबंधारे खात्याच्या जुन्या अहवालांत त्यांचे नाव उरले असते. आपल्या कामाची दिशा वरिष्ठांच्या मर्जीवर आणि ज्येष्ठतेच्या यादीवर सोपवायची नाही, हा निर्णय त्यांनी मध्यान्हीच्या वयात घेतला. त्या निर्णयामागची तयारी मात्र आदल्या २४ वर्षांची होती.

पुण्यातील शिक्षण, खानदेशातील उमेदवारी

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. शालेय वयातच पितृछत्र हरपले. मामांच्या आधाराने ते बंगळूरला आले आणि मुलांच्या शिकवण्या करून सेंट्रल कॉलेजातील शिक्षणाचा खर्च त्यांनी भागवला. पदवी मिळाल्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेली संस्था ती हीच. १८८३ साली अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या येणाऱ्याला सरकारी खात्यात जागा देण्याची त्या वेळी प्रथा होती. त्यानुसार १८८४ साली सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पहिली वर्षे नाशिक आणि खानदेशात गेली. धुळे परिसरात पांझरेच्या पाण्याशी संबंधित नळाचे एक काम त्यांच्याकडे आले. ऐन पावसाळा होता. पुराबरोबर वाहून येणारी वाळू काम बुजवून टाकत होती. पावसाचा जोर ओसरेपर्यंत काम थांबवावे, अशी सूचना या तरुण अभियंत्याने केली. वरिष्ठांनी ती शिस्तभंगाच्या वळणाची मानली आणि तसा शेराही दिला. विश्वेश्वरय्या यांनी वाद वाढवला नाही. आहे त्या परिस्थितीत काम पुरे केले, आणि त्याच वरिष्ठांचे मत पुढे बदलले. नोकरीच्या आरंभीच त्यांना एक धडा मिळाला. आपले म्हणणे बरोबर असले, तरी ते ऐकले जाण्यापूर्वी हाती पूर्ण झालेले काम असावे लागते.

त्यांच्या कामाचा बोलबाला होऊ लागला तो सिंधमध्ये. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. १८९४ साली सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना त्यांच्याकडे सोपवण्यात आली. सिंधूचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी मोठ्या टाक्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. विश्वेश्वरय्या यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूच्या थरांतून झिरपून येणारे पाणी आपोआप गाळले जाऊन विहिरीत उतरत होते. तेथून ते बोगद्याने काठावर आणून पंपाने वर चढवण्यात आले. निसर्ग जे काम फुकट करतो त्यावर खर्च करू नये, हा त्यांच्या विचाराचा धागा पुढच्या अनेक योजनांत दिसतो.

रानडे-गोखल्यांचे पुणे

सुरतेतील अल्प मुक्कामानंतर विश्वेश्वरय्या पुण्यात आले. त्यांच्या सरकारी नोकरीतील सर्वात फलदायी वर्षे पुणे परिसरात गेली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. डेक्कन क्लबच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. दिवसभर कालवे आणि पाटचाऱ्या पाहणारा हा अधिकारी संध्याकाळी देशाच्या अर्थकारणावरील चर्चेत रमत असे.

या सहवासाचे महत्त्व केवळ बौद्धिक नव्हते. रानडे आयुष्यभर सरकारी नोकरीत राहिले. सरकारचा संशय ओढवला, नाशिक-धुळ्याकडे बदल्या झाल्या. तरीही न्यायदानाच्या कामाबरोबर त्यांनी सामाजिक आणि आर्थिक विचारांची एक परंपरा उभी केली. गोखल्यांनी दुसरी वाट धरली. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन १९०२ साली संपवून त्यांनी उर्वरित आयुष्य सार्वजनिक कार्याला दिले. नोकरीत राहून मोठे काम करता येते आणि वेळ आली की नोकरी सोडूनही करता येते, अशी दोन उदाहरणे विश्वेश्वरय्या यांच्यासमोर होती. त्यांनी आयुष्याच्या दोन टप्प्यांत दोन्ही वाटांचा अवलंब केला.

१८९८ साली रजा काढून ते जपानला गेले. त्या काळी वरिष्ठ हिंदी अधिकाऱ्याच्या मनात प्रवासासाठी प्रथम इंग्लंडचा विचार येई. विश्वेश्वरय्या यांनी निवड केली ती शिक्षण आणि उद्योग यांच्या बळावर एका पिढीत उभ्या राहिलेल्या आशियाई देशाची. कालव्याचा एक दरवाजा, एका गावचा नळ, एका तालुक्याचा पाट यांच्यापलीकडे आपल्या विद्येचा उपयोग कशासाठी व्हावा, हा प्रश्न त्यांना तेथे अधिक स्पष्टपणे दिसला. पुढे आयुष्यात प्रत्येक मोठ्या वळणावर त्यांनी असा प्रवास केला. दैनंदिन कामापासून काही महिने दूर जायचे, इतरांची कामे पाहायची, टिपणे काढायची आणि मग आपल्या कामाकडे नव्याने पाहायचे, ही त्यांची रीत होऊन गेली.

पाणी अडवणारे आणि पाणी वाटणारे

१८९९ साली विश्वेश्वरय्या पुणे पाटबंधारे विभागाचे कार्यकारी अभियंता झाले. खडकवासल्याचा तलाव, तेव्हाचा फाइफ तलाव, पुणे आणि खडकी छावणीसह परिसराची तहान भागवत होता. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी कित्येक फूट उंचीने वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. सांडव्याची भिंत कायमची उंचावली असती, तर पुराच्या वेळी जुन्या धरणावर ताण आला असता. विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची कल्पना मांडली. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेपर्यंत येईपर्यंत दरवाजे बंद राहत. पातळी त्यावर चढू लागली, की माणसाचा हात न लागता ते उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. धरणाची उंची न वाढवता मूळ सांडव्यावर सुमारे आठ फूट अधिक पाणी साठवणे त्यामुळे शक्य झाले. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही हीच पद्धत वापरण्यात आली.

या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावे होते. मानधन घेण्याचा मार्गही मोकळा होता. आपण ज्या कामासाठी वेतन घेतो, त्याच कामात हा शोध लागला. मग त्याचे वेगळे पैसे घेणे योग्य नव्हे, असे त्यांचे मत पडले आणि त्यांनी मानधन नाकारले. हा निर्णय केवळ सचोटीचा म्हणून सांगितला जातो. त्यात नोकरीकडे पाहण्याची एक दृष्टीही होती. सरकारचे आपण देणे लागतो ते चोख काम, आणि ते दिले की सरकारशी हिशेब पूर्ण. जो माणूस कुणाचे देणे शिल्लक ठेवत नाही, तोच वेळ आल्यावर मोकळेपणाने निघू शकतो.

दुसरे काम अधिक कठीण होते, कारण त्याचा संबंध माणसांशी होता. नीरा आणि मुठा कालव्यांच्या लाभक्षेत्रात उसाला बारमाही पाणी लागे. ज्यांची जमीन कालव्यालगत त्यांना पाणी मुबलक, आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी. जेथे पाणी अति होई, तेथे जमिनी पाणथळ होऊन हिवतापही पसरे. विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक पद्धत’ सुचवली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, प्रत्येक गटात ठरावीक हिश्श्यावर ऊस आणि उरलेल्यावर कमी पाण्याची पिके घ्यायची, आणि त्यांची पाळी बदलत ठेवायची. थोड्यांना पुष्कळ देण्याऐवजी पुष्कळांना पुरेसे द्यायचे, हा त्यामागचा हेतू. ज्यांचे पाणी कमी होणार होते, त्यांनी साहजिकच विरोध केला. पुण्यातही ओरड झाली. विश्वेश्वरय्या यांनी शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, आकडे मांडले आणि योजना टप्प्याटप्प्याने अमलात आणली.

या पद्धतीचे खानदेशातील फड पद्धतीशी असलेले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून, एका फडात एक पीक घेऊन पाळीपाळीने पाणी वाटण्याची रीत गावकरी शतकानुशतके सांभाळत आले होते. विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीची उमेदवारी झाली ती त्याच मुलखात.

अदृश्य छत

१९०४ साली विश्वेश्वरय्या मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि सांडपाण्याच्या योजना त्यांच्याकडे येऊ लागल्या. १९०६ साली एडनला जाऊन त्यांनी तेथील पाण्याचा प्रश्न अभ्यासला. कोल्हापूरच्या पाणीपुरवठ्याच्या तलावाचा बांध धोक्यात आला, तेव्हा सल्ल्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. त्याच वर्षी सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन त्यांचा गौरव केला. ज्येष्ठतेत पुढे असलेल्या काही अधिकाऱ्यांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या. त्यामुळे सहकाऱ्यांत कुरबुरही होती.

सत्कार, पदक, बढती, सगळे काही होते. एकच गोष्ट नव्हती. मुख्य अभियंत्याचे पद विलायतेहून आलेल्या अधिकाऱ्यांसाठी असते, ही त्या काळच्या खात्यातील अलिखित परंतु सर्वश्रुत रीत होती. विश्वेश्वरय्या यांच्यावर उघड अन्याय झाला, असे म्हणता येत नाही. उलट त्यांच्याशी सन्मानाने वागण्यात येई. अशा स्थितीत माणूस बहुधा थांबतो. आणखी चार वर्षे, आणखी एक बढती, नियम बदलेल, वरिष्ठ बदलतील, असे म्हणत निवृत्तीच्या वयापर्यंत पोहोचतो. अपमान झाला तर माणूस तडकाफडकी उठतो. सन्मानाने बसवून ठेवले, तर उठणे फार अवघड जाते.

विश्वेश्वरय्या यांनी हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. आपल्याला पद हवे आहे की काम, हा तो हिशेब. खात्यात राहून मिळणारी कामे त्यांनी करून पाहिली होती. यापुढे पुनरावृत्ती होणार होती. मोठ्या योजनेचा आराखडा करून ती तडीस नेण्याचा अधिकार मात्र त्यांना मिळण्याची शक्यता नव्हती. त्यांनी कुणावर ठपका ठेवला नाही, वृत्तपत्रांतून गाऱ्हाणे मांडले नाही. शिल्लक रजा घेतली आणि निवृत्तीची परवानगी मागितली. पूर्ण सेवाकाल झाला नसतानाही सरकारने निवृत्तिवेतन मंजूर केले. पुढे काय करायचे, याची कोणतीही खात्रीची व्यवस्था त्यांच्या हाती नव्हती. होते ते निवृत्तिवेतन, २४ वर्षांच्या कामाचा लौकिक आणि परदेशातील धरणे, कारखाने व शहरे पाहण्याचा बेत.

बोलावणे आणि अटी

विश्वेश्वरय्या युरोपच्या प्रवासात असतानाच हैदराबादवर संकट कोसळले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्या यांना निमंत्रण दिले. त्यांनी हातातील अभ्यासदौरा अर्धवट टाकला नाही. तो पुरा करून येण्याची मुभा मागितली आणि १९०९ साली ते हैदराबादेत दाखल झाले. शहराच्या वरच्या बाजूला मुसी आणि तिची उपनदी इसी यांवर जलाशय बांधून पूर अडवावा, तसेच नदीकाठची आणि सांडपाण्याची नव्याने व्यवस्था करावी, असा त्यांचा अहवाल होता. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय पुढे याच विचारातून उभे राहिले. वर्षभरापूर्वी इलाख्याचा मुख्य अभियंता होऊ न शकलेल्या माणसाकडे एका राजधानीचे भवितव्य सोपवण्यात आले होते.

त्यानंतर म्हैसूरचे बोलावणे आले. पद मुख्य अभियंत्याचे होते. मुंबईत ज्या पदाचा दरवाजा बंद होता, तेच पद जन्मभूमीने समोर ठेवले. तरीही विश्वेश्वरय्या यांनी लगेच होकार दिला नाही. केवळ रस्ते आणि इमारतींची देखभाल करायची असेल, तर त्यात त्यांना स्वारस्य नव्हते. उद्योग आणि तांत्रिक शिक्षण यांना चालना देण्याची संस्थानची इच्छा आहे काय, हे त्यांनी आधी विचारून घेतले. अनुकूल उत्तर मिळाल्यावर नोव्हेंबर १९०९ मध्ये ते रुजू झाले. नोकरी मिळवताना मालकाने उमेदवाराला प्रश्न विचारायचे असतात, अशी जगाची रीत. विश्वेश्वरय्या यांनी स्वतःही प्रश्न विचारले, कारण आपल्याला काय करायचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

कन्नंबाडी येथे कावेरीवर धरण बांधण्याची योजना हे या पर्वातील सर्वात मोठे काम. खर्च प्रचंड होता, संस्थानच्या तिजोरीविषयी अर्थखात्याला चिंता होती आणि कावेरीच्या खालच्या अंगाच्या मद्रास सरकारचे आक्षेप होते. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देऊन मिळणारे उत्पन्न आणि मंड्या भागातील सिंचन यांचे आकडे विश्वेश्वरय्या यांनी पुन्हा पुन्हा मांडले. महाराज कृष्णराज वडियार यांचा पाठिंबा मिळाला आणि १९११ साली काम सुरू झाले. धरणाखाली गावे गेली, हजारो कुटुंबांना स्थलांतर करावे लागले, हेही या यशोगाथेचे अंग आहे. काम पुरे होण्यास १९३१ साल उजाडले. विश्वेश्वरय्या तोवर पदावरून केव्हाच दूर झाले होते.

१९१२ साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. नेमणुकीपूर्वी त्यांनी आप्तेष्टांना बोलावून, कुणीही आपल्यासाठी शिफारस मागू नये असे बजावले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढील सहा वर्षांत म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, कन्नड साहित्य परिषद, चंदनतेलाचा कारखाना अशा संस्थांची रांग उभी राहिली. एका अभियंत्याने एका संस्थानचा आराखडाच जणू कागदावर काढला होता.

दुसरा निरोप

१९१८ च्या अखेरीस विश्वेश्वरय्या यांनी दिवाणपदही सोडले. हा दुसरा निरोप पहिल्याइतका सरळ नव्हता, आणि त्याचे मूल्यमापन करताना आजच्या वाचकाला थबकावे लागते.

म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. ब्राह्मणेतर समाजांनी संघटित होऊन आपला वाटा मागितला. महाराजांनी ही मागणी रास्त मानली आणि न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्या यांचे मत भिन्न होते. शिक्षणाचा प्रसार करून मागे राहिलेल्यांना वर आणावे, परंतु नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात, अन्यथा कारभाराचा दर्जा घसरेल, असे ते मानत. मतभेद मिटण्याजोगा नव्हता. महाराजांचे धोरण आपल्याला पटत नाही आणि न पटणारे धोरण राबवणे आपल्याला जमणार नाही, हे पाहून ते बाजूला झाले. समितीच्या शिफारशींनुसार म्हैसूरने पुढे राखीव प्रतिनिधित्वाचा मार्ग स्वीकारला.

या प्रसंगात विश्वेश्वरय्या यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. त्यांची दृष्टी पूर्ण होती काय, हा प्रश्न मात्र उरतो. मुंबईत, गुणवत्ता असूनही जन्मामुळे वरचे दार बंद राहते, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. म्हैसूरमध्ये लक्षावधी लोकांसाठी ते दार त्याहून खालच्या पायरीवर बंद होते. शाळेच्या उंबरठ्यापर्यंतही न पोहोचलेल्याची गुणवत्ता कोणत्या परीक्षेत मोजणार, हा प्रश्न कोल्हापुरात शाहू महाराजांनी ओळखला होता आणि १९०२ सालीच मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. कोल्हापूरच्या तलावाचा बांध तपासणाऱ्या अभियंत्याला त्याच राज्यातील हा दुसरा प्रयोग पटला नाही. काळाने याबाबतीत कौल दिला तो दोन्ही महाराजांच्या बाजूने. स्वतःच्या डोक्यावरचे छत माणसाला लवकर दिसते. दुसऱ्याच्या डोक्यावरचे दिसण्यासाठी आपली जागा सोडून पाहावे लागते, आणि थोर माणसांनाही ते नेहमी साधत नाही.

तरीही त्या निरोपाची रीत अनुकरणीय होती. खुर्चीवर बसून धोरणात आडकाठी घालण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. मतभेद झाला, म्हणून ते संस्थानचे शत्रूही झाले नाहीत. याची साक्ष पाच वर्षांत मिळाली.

पदाशिवायची वर्षे

दिवाणपदानंतर विश्वेश्वरय्या पुन्हा जगप्रवासाला निघाले. १९२० साली देशाच्या पुनर्रचनेवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९३४ साली भारताच्या नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ आला. स्वतंत्र भारताचा नियोजन आयोग त्यानंतर १६ वर्षांनी स्थापन झाला. मुंबईत तांत्रिक व औद्योगिक शिक्षणाविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावर ते १९२७ पासून दीर्घकाळ होते.

दरम्यान म्हैसूर संस्थानच्या भद्रावती येथील लोखंडाच्या कारखान्याने अडचणींचा डोंगर उभा केला. पहिल्या महायुद्धानंतर लोखंडाचे भाव घसरले होते. कारखाना १९२३ साली सुरू झाला तो तोट्याच्या सावटाखालीच. ज्या सरकारशी मतभेद होऊन विश्वेश्वरय्या बाहेर पडले होते, त्याच सरकारने त्यांना बोलावले आणि ते गेले. एकेकाळच्या दिवाणाने एका कारखान्याचा कारभार हाती घेणे, हे हुद्द्याच्या भाषेत खाली येणे होते. त्यांनी ते तसे मानले नाही. खर्चाची छाननी केली, स्थानिक माणसे तयार केली आणि १९२९ पर्यंत तेथे राहून कारखान्याला उभे राहण्याइतके बळ दिले. या कामाबद्दल मिळालेली रक्कमही त्यांनी बंगळूर येथील औद्योगिक शिक्षणसंस्थेच्या उभारणीसाठी वळवली.

नव्वदी उलटल्यानंतरही सल्ल्यासाठी त्यांना बोलावणे येई. बिहारमधील मोकामा येथे गंगेवर पूल बांधण्यासाठी जागा निवडायची होती, तेव्हा या वृद्ध अभियंत्याने प्रत्यक्ष पाहणी केली. १९५५ साली त्यांना भारतरत्न सन्मान मिळाला. १९६० साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले, आणि तो सोहळा पाहायला ते स्वतः हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

१०१ वर्षांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. मुंबई सरकारची नोकरी २४ वर्षांची, म्हैसूरमधील मुख्य अभियंतापद व दिवाणपद मिळून सुमारे नऊ वर्षांचे. उरलेली चार दशके कोणत्याही मोठ्या खुर्चीविना गेली, आणि तरीही त्या काळात ते एक दिवसही बेकार नव्हते. पद गेल्यावर काम संपते ते, ज्याने आयुष्यभर पदालाच काम मानले त्याचे. विश्वेश्वरय्या यांनी या दोन गोष्टी कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. म्हणून दोन वेळा मोठे पद सोडताना त्यांचा हात थरथरला नाही, आणि भद्रावतीला लहान पद स्वीकारतानाही त्यांना कमीपणा वाटला नाही.

दरवर्षी सप्टेंबरात त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातात आणि धरणांची, कारखान्यांची यादी वाचली जाते. त्या यादीत १९०८ च्या अर्जाचा उल्लेख बहुधा नसतो. वरच्या खुर्चीची वाट पाहत दिवस मोजणाऱ्या आजच्या नोकरदाराच्या उपयोगाचा मात्र तोच अधिक आहे. देणे चुकते करावे, शिकत राहावे, गरजा आटोक्यात ठेवाव्यात आणि आपल्याला नेमके काय करायचे आहे हे उठण्यापूर्वी ठरवावे, इतकीच तयारी त्या अर्जामागे होती.